कोटणीसांच्या नावाची सुई

डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरला की गुडघ्याचा विषय घराघरांत निघतोच. गोळ्या घेऊन कंटाळलेल्या माणसाला मग कुणीतरी सुया टोचून घेण्याचा सल्ला देतो. सुया म्हणजे ॲक्युपंक्चर. या उपचाराची भारतातली हकीकत शोधायला लागले की एक मराठी नाव पुन्हा पुन्हा समोर येते. पश्चिम बंगालमधली ॲक्युपंक्चर केंद्रे असोत की लुधियानाचे रुग्णालय, पाटीवर नाव असते डॉ. कोटणीस यांचे. साहजिकच वाटते की सोलापूरच्या या डॉक्टरनेच चीनमधून ही विद्या आपल्याकडे आणली असावी.

तसे झाले नाही. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस शल्यचिकित्सक होते. त्यांचे हत्यार सुरी होते, आणि ते चीनमधून परतलेच नाहीत. येत्या ९ डिसेंबरला त्यांचा स्मृतिदिन आहे. त्यांचे नाव सुईला कसे चिकटले, आणि वेदनेने बेजार झालेल्या माणसाने त्या सुईकडून किती अपेक्षा ठेवावी, या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्या लागतात.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. भावंडे बरीच, घर मध्यमवर्गीय, गाव गिरण्यांचे. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला गेले आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे केईएम रुग्णालयाच्या कॉलेजातून, डॉक्टर झाले. (हे कॉलेज आज आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे, त्यामुळे नाशिककरांनी त्यांच्यावर थोडासा हक्क सांगायला हरकत नसावी.) पुढचे शिक्षण आणि मग स्थिर प्रॅक्टिस, असा सरळ रस्ता समोर होता.

१९३७मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जू द यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. वर्गणी जमली, एक रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले डॉ. मदन अटल पथकाचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत मोठे. कोलकात्याचे डॉ. देवेश मुखर्जी आणि डॉ. बिजयकुमार बसू. पाचवे कोटणीस, वय २७. यांतले बसूंचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण सुईची गोष्ट पुढे त्यांच्याच हातात जाणार आहे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबईचा किनारा सोडला. सप्टेंबरच्या मध्यावर ते कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला, उतरले आणि तिथे सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. त्यानंतरचे काही महिने पळापळीचे गेले. ऑक्टोबरात कँटन पडले, पाठोपाठ वुहान पडले. डॉक्टर आधी वुहानमध्ये आणि मग मागे सरत सरत छुंगछिंगमध्ये जखमींवर उपचार करत राहिले. इथेच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. घरी परतायला कोणीच हरकत घेतली नसती. पथक उत्तरेकडे, माओ झेडाँग यांच्या येनानकडे निघाले, तेव्हा ते पथकाबरोबर गेले.

फेब्रुवारी १९३९मध्ये ते येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेली गुहाघरे, कडाक्याची थंडी आणि औषधांचा कायम तुटवडा. पाचही डॉक्टरांनी आपल्या नावाचे चिनी रूप घेतले आणि प्रत्येकाने शेवटी ‘ह्वा’ हे अक्षर जोडले. ह्वा म्हणजे चीन. कोटणीस झाले ख दीह्वा. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी परतले, पुढे प्रकृतीमुळे अटल यांनाही जावे लागले. कोटणीस आणि बसू मात्र १९३९च्या अखेरीस जपानी फळीच्या मागे असलेल्या डोंगराळ भागात उतरले. तिथे काम करणारे कॅनडाचे प्रसिद्ध शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून नुकतेच, १२ नोव्हेंबर १९३९ला, वारले होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले आणि जखमेतले विष रक्तात भिनले. तो पेनिसिलीन मिळण्याच्या आधीचा काळ. काही काळाने बसू येनानला परत गेले. कोटणीस तिथेच राहिले.

या भागातले शल्यकर्म कसे चालत असेल, याची कल्पना आजच्या ऑपरेशन थिएटरवरून करता येणार नाही. सामान खेचरांच्या पाठीवर, टेबल एखाद्या शेतकऱ्याच्या घरातले, आणि शत्रू जवळ आला की रुग्णांसह सगळे हलवायचे. १९४०मध्ये आठव्या मार्ग सेनेने मोठी मोहीम उघडली. त्या काळात एका लढाईत कोटणीसांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि ८००हून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे.

आरोग्याच्या स्तंभात त्यांच्याबद्दल लिहायचे कारण इथे येते. जपानी नाकेबंदीमुळे भूल देण्याची औषधे दुर्मीळ होती. जे काही क्लोरोफॉर्म, ईथर हाती येई ते अवयव कापण्यासारख्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी जपून ठेवावे लागे. किरकोळ समजल्या जाणाऱ्या कामांत, म्हणजे गोळी काढणे, जखम उघडून साफ करणे, यांत रुग्णाला बरेच काही सहन करावे लागे. वेदना म्हणजे काय आणि ती औषधाशिवाय कशी निभवायची, हा त्या डॉक्टरांपुढचा रोजचा प्रश्न होता. आणि ज्या देशात सुई टोचून वेदना शमवण्याची परंपरा दोन हजार वर्षांची आहे, त्याच देशात ते उभे होते.

मग त्यांनी सुई का वापरली नाही? यासाठी थोडे मागे जावे लागते. चीनमध्ये ॲक्युपंक्चरला कायम मान होता, हा आपला समज चुकीचा आहे. १८२२मध्ये सम्राटाच्या आदेशाने राजवैद्यांच्या संस्थेतून ही शाखाच काढून टाकण्यात आली होती. १९२९मध्ये तर राष्ट्रवादी सरकारपुढे पारंपरिक वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव होता, तो वैद्यांच्या विरोधामुळे बारगळला. शिकलेले चिनी डॉक्टर सुईला खेडवळ समजत. सुई उरली होती गावोगावच्या वैदूंकडे. कोटणीस ज्या रुग्णालयांत वावरले ती आधुनिक वैद्यकाच्या वळणाची होती, आणि त्यांच्या हयातीत सुईने त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता.

जानेवारी १९४१मध्ये कोटणीस बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तोवर ते अस्खलित चिनी बोलू लागले होते. ते चिनीतून शिकवत, आणि विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक चिनी भाषेत लिहायला त्यांनी घेतले होते. त्या वैद्यकीय शाळेत शुश्रूषा शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी १९४१च्या अखेरीस त्यांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

याच सुमाराला कोटणीसांना अपस्माराचे, म्हणजे मिरगीचे, झटके येत होते. अपस्मारावर तेव्हा औषध नव्हते असे नाही. फिनोबार्बिटोन १९१२पासून वापरात होते. फेनिटॉइनचा झटके रोखण्याचा गुण अमेरिकेत जाहीर झाला तो १९३८मध्ये, म्हणजे कोटणीस बोटीवर चढले त्याच वर्षी. पण नाकेबंदीत सापडलेल्या डोंगरात नियमित औषध, पुरेशी झोप आणि विश्रांती या तिन्ही गोष्टी मिळणे अशक्य होते, आणि या रोगाला नेमक्या त्याच लागतात. सतत जागरण हे झटक्याला आमंत्रण असते, हे आज कोणताही मेंदूविकारतज्ज्ञ सांगेल. ९ डिसेंबर १९४२ रोजी एकामागून एक झटके येऊन त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

त्यांच्यानंतर दोन वर्षांनी चित्र पालटू लागले. १९४४मध्ये येनानमध्ये माओंनी आधुनिक आणि पारंपरिक वैद्यांनी एकत्र काम करावे असे धोरण मांडले. कारण व्यवहाराचे होते. डॉक्टर मूठभर, रुग्ण लाखो आणि औषधे नाहीत. सुई मात्र स्वस्त, खिशात मावणारी आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारी. (पुन्हा पुन्हा वापरण्याचा हा गुण आज दोष ठरतो, त्याकडे पुढे येऊ.) एप्रिल १९४५मध्ये येनानच्या शांतता रुग्णालयात ॲक्युपंक्चरचा विभाग उघडला. १९५१मध्ये जू ल्येन या महिला डॉक्टरने ॲक्युपंक्चरची मांडणी मज्जासंस्थेच्या भाषेत करणारे पुस्तक लिहिले. दवाखान्यातली सुई असे जे काही आज आपण पाहतो, त्याची सुरुवात या काळातली आहे.

डॉ. बसू १९४३मध्ये भारतात परतले होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९मध्ये कोलकात्यात त्यांनी हा उपचार सुरू केला. भारतातली सुरुवात ही. पुढे त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी कोटणीस स्मारक समितीच्या नावाने बंगालमध्ये स्वस्त उपचाराची केंद्रे उभी केली, आणि तीच परंपरा पंजाबात लुधियानापर्यंत गेली. न परतलेल्या मित्राचे नाव परतलेल्या मित्राने पाटीवर लावले. सुईला कोटणीसांचे नाव चिकटले ते असे.

आता सुईकडे वळू. एक सुई म्हणजे एक उपचार, असे नाही. नाशिकमध्ये कुणी सुया टोचतो म्हटले तर तो पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही करत असू शकतो.

मूळ पद्धत अंगावरच्या बिंदूंची. शास्त्रोक्त बिंदू ३६१ मानले जातात आणि ते चौदा रेषांवर, ज्यांना मेरिडियन म्हणतात, मांडलेले आहेत. सुई केसासारखी, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आतून भरीव. इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहून कमी जाडी असल्याने टोचताना फारसे दुखत नाही. सुई आत गेल्यावर जड, बधिर, ताणल्यासारखी जाणीव व्हावी अशी अपेक्षा असते. सुया वीस ते तीस मिनिटे तशाच ठेवतात. गुडघ्याखालचा एक बिंदू आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधला एक बिंदू बहुतेक रुग्णांच्या परिचयाचे होतात. या रेषा शरीरात चिरफाड करून सापडत नाहीत. ते जुन्या वैद्यांचे नकाशे आहेत, रक्तवाहिन्यांसारख्या नळ्या नव्हेत.

दुसरी पद्धत विजेची. दोन सुयांना तारा जोडून मंद प्रवाह सोडतात. वेदनेच्या बाबतीत प्रयोगशाळेत सर्वांत जास्त तपासलेली हीच, कारण इथे मात्रा मोजता येते. बीजिंगचे हान जीशंग यांनी आयुष्य याच अभ्यासात घातले. सेकंदाला दोन ठोक्यांच्या मंद प्रवाहाने एका प्रकारची, तर शंभर ठोक्यांच्या जलद प्रवाहाने दुसऱ्या प्रकारची अफूसदृश द्रव्ये शरीर स्वतःच सोडते, असे त्यांनी दाखवले. त्याआधी १९७७मध्ये अमेरिकी संशोधकांनी दातांवर प्रयोग केला होता. सुईने आलेली बधिरता नालोक्झोन या अफूविरोधी औषधाने उतरली. अर्थात सुईच्या परिणामाचा काही भाग तरी शरीराच्या आतल्या रसायनांतून येतो.

तिसरी पद्धत कानाची, आणि ती चीनची कमी व फ्रान्सची जास्त. १९५०च्या दशकात ल्योंचे डॉक्टर पॉल नोज्ये यांना काही रुग्णांच्या कानावर डागल्याच्या खुणा दिसल्या. सायटिका बरी व्हावी म्हणून गावठी वैदूने डागले होते. त्यावरून त्यांनी कानावर सगळ्या शरीराचा नकाशा मांडला. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर रिचर्ड नीमझाव यांनी २००१मध्ये याच कानातून रणांगणासाठी एक पद्धत काढली. कानाच्या पाच ठिकाणी टाचणीएवढ्या सुया लावायच्या आणि त्या तिथेच ठेवायच्या. कपडे उतरवायला नकोत, सामान खिशात मावते. साठ वर्षे आधी कोटणीसांच्या जखमींना हे मिळाले असते तर किती उपयोग झाला असता, असा विचार मनात येतोच. पण उत्तर उत्साहाने देऊ नये. या पद्धतीचे पुरावे अजून संमिश्र आहेत, आणि पाय कापताना ती भुलीची जागा घेऊ शकत नाही.

चौथी पद्धत उष्णतेची. चिनी भाषेत या उपचाराचे नावच सुई आणि शेक असे जोडनाव आहे. आपल्या दवण्याच्या कुळातली एक वनस्पती वाळवून तिची कांडी पेटवतात आणि बिंदूजवळ धरतात. इथे कातडीला शेक बसायला हवा, चटका नव्हे. आपल्याकडे डाग देण्याचा जो अघोरी प्रकार काही भागांत अजून तान्ह्या बाळांवर होतो, त्याचा याच्याशी काही संबंध जोडू नये. चिनी दवाखान्यात सुईबरोबर दिसणाऱ्या काचेच्या पेल्यांना आपल्याकडे जुने नाव आहे, तुंबडी लावणे. अंगावर चार-सहा दिवस काळेनिळे गोल राहतात, स्नायू थोडे सैल वाटतात, याहून जास्त दावा करण्याजोगे त्यात फार नाही.

मग येते कोरडी सुई, म्हणजे ड्राय नीडलिंग. फिजिओथेरपिस्ट वापरतात ती हीच. सुई तीच, पण मेरिडियन वगैरे मानत नाहीत. स्नायूत जिथे घट्ट, दाबले की दुसरीकडे कळ नेणारी गाठ लागते, तिथेच टोचतात. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९मध्ये नोंदवले की परिणाम सुईतून दिलेल्या औषधापेक्षा टोचण्याचाच असतो. मान आणि खांद्याच्या दुखण्यात ही पद्धत बऱ्याच खेळाडूंना ठाऊक असते. राहिला ॲक्युप्रेशर, ज्यात सुई नाही, फक्त दाब. मनगटाच्या आतल्या बाजूचा एक बिंदू दाबल्याने मळमळ कमी होते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. चपलेतल्या काट्यांनी मधुमेह जातो, याला नाही.

सुईबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज १९७१मध्ये पसरला. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. त्यांनी लेख लिहिला आणि सुया टोचून शस्त्रक्रिया झाली अशी समजूत जगभर झाली. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया नेहमीच्या इंजेक्शनच्या भुलीखाली झाली होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोटात वायू धरल्याने होणाऱ्या त्रासासाठी, कोपरात आणि गुडघ्याखाली, सोबत शेक देऊन. चीनमध्ये १९५८पासून सुईच्या बधिरतेवर शस्त्रक्रिया करण्याचे प्रयोग झाले हे खरे, पण त्यासाठी रुग्ण निवडून घेत आणि सोबत बहुधा औषधेही देत. आज कोणी सुईवर ऑपरेशन करतो म्हणाला तर तिथून उठावे.

मग दुखण्याचे काय? जर्मनीत २००७मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण. एका गटाला शास्त्रोक्त सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधे, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम होता. सुयांचे समर्थक पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याकडे बोट दाखवतात, विरोधक पहिल्या आणि दुसऱ्या. दोघेही खरे आहेत. टोचण्याने फायदा होतो, पण नेमके कुठे टोचले याने फार फरक पडत नाही, असे हे आकडे सांगतात. नंतर सुमारे २० हजार रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात पाठ-मान, खांदा, सांध्यांची झीज आणि जुनाट डोकेदुखी यांत खरी सुई खोट्या सुईपेक्षा थोडी सरस ठरली आणि फायद्याचा बराचसा भाग वर्षभर टिकला. थोडी, हा शब्द महत्त्वाचा.

तज्ज्ञांच्या संस्थांतही एकमत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २००९मध्ये कंबरदुखीसाठी सुयांची शिफारस केली आणि २०१६मध्ये ती काढून घेतली. २०२१मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी सुयांचा विचार करावा असे म्हटले, आणि २०२२मध्ये झिजलेल्या गुडघ्यासाठी त्या देऊ नयेत असे सांगितले. त्याच गुडघ्यासाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सशर्त होकार देते. माझे मत विचाराल तर गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे यांना सुई पर्याय नाही. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडामुळे किंवा आम्लपित्तामुळे चालत नाहीत अशांनी सहा-आठ बैठका करून पाहायला हरकत नाही. तेवढ्यात काहीच फरक नसेल तर पुढे पैसे घालवू नयेत.

आणि काही दुखण्यांना सुई लावण्यात वेळ घालवणे धोक्याचे आहे. छातीत दुखून घाम फुटणे, कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जाणे किंवा पाय लुळे पडणे, वजन उतरत असताना हाड दुखणे, तापासह सांधा सुजणे, अचानक कधी नव्हे अशी डोकेदुखी. यांत आधी रुग्णालय.

महाराष्ट्राने ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र अधिनियम केला. त्यानुसार परिषद आणि नोंदणीची तरतूद आहे. पश्चिम बंगालचा कायदा १९९६चा. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१९मध्ये ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात संकोच नको. सुई प्रत्येक वेळी नवी, सीलबंद पाकिटातली असावी आणि ते पाकीट आपल्यासमोर फोडले जावे. येनानमध्ये एकच सुई शंभर जणांना चालली असेल, पण कावीळ ब आणि एचआयव्हीच्या काळात ती चालणार नाही. छातीवर आणि खांद्याच्या वर खोल टोचल्याने फुप्फुसाला भोक पडल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. विरळा, पण खऱ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पायाची संवेदना मधुमेहाने गेली असेल, गरोदरपण असेल तर आधी सांगावे. पेसमेकर असलेल्याने विजेची सुई टाळावी. आणि अपस्मार असेल तर तेही सांगावे, कारण विजेच्या उत्तेजनाबाबत अशा रुग्णांत विशेष काळजी घेतात आणि टोचल्यावर भोवळ आलीच तर समोरच्याला काय चालले आहे ते कळायला हवे. आपली झटक्यांची गोळी तर कोणत्याही सुईसाठी बंद करू नये.

कोटणीसांवर १९४६मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला, स्वतःच नायकाची भूमिका केली आणि आपल्याकडे ते घरोघर पोहोचले. चीनमध्ये त्यांचे अवशेष पुढे हबेई प्रांतातल्या शिज्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत नेण्यात आले. बेथ्यून यांची समाधीही तिथेच आहे. यिनह्वा वैद्यकीय शिक्षण घेत होता. पदवी हाती येण्याआधीच, १९६७मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो वारला. गुओ छिंगलान सासरच्या माणसांना भेटायला अनेकदा भारतात आल्या. २०१२मध्ये दालियानला त्यांचे निधन झाले. सोलापुरात कोटणीसांच्या घरी आता महापालिकेचे स्मारक आहे.